सुट्टीत कुठे जाणार

१२ मे २०२५, सोमवार. सकाळचे ७.४०. नव्या खोलीत बसून पेन्सिलींना टोक करत होतो.

म्हैसूरबाहेर, वरुणा गावाजवळच्या या खासगी वसतिगृहात मी आजपासून महिनाभर राखणदार. चारी बाजूंनी ऊस, स्वतंत्र खोली, पगारही बरा. पीयूसीला, म्हणजे बारावीला, दोनदा नापास झालो तेव्हा गंगाबाईआत्या म्हणाली होती, निदान मराठी तरी शुद्ध लिही. ही वही तिचीच.

वॉर्डन नरसिंहमूर्तींनी काम समजावलं. मुलं गेली की प्रत्येक दार ठोठावायचं, नावाने हाक मारायची, आत डोकावायचं, मग कुलूप आणि त्यावर लाखेची मोहोर. शेवटी वीज-पाणी बंद. हाक मारायचीच, असं त्यांनी दोनदा बजावलं.

१४ मे. रजिस्टरमधला ‘सुट्टीत कुठे जाणार’ हा रकाना सुवाच्य अक्षरात उतरवला. रक्षित मामाच्या कॉफीच्या मळ्यात. श्रीवत्स हूटगळ्ळीच्या कारखान्यात, शिकाऊ म्हणून. एकजण पोहायला शिकणार; एवढ्यासाठी अख्खी सुट्टी! खोली चौदा, शशांक: गोकर्ण, चुलतभावांबरोबर.

शशांक शाळेत माझ्या वर्गात होता. गेल्या दसऱ्याला म्हैसूरच्या देवराज मार्केटपाशी भेटला, तेव्हा मी त्याला सांगितलं की मी बेंगळुरूला इंजिनिअरिंग करतो.

१५ मे. तेवीस खोल्या बंद केल्या. एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण लिहितो. चौदा नंबरचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कॉट करकरल्यासारखी वाटली. हाक मारली असती आणि तो बाहेर आला असता, तर किल्ल्यांचा जुडगा घेतलेला मी त्याला दिसलो असतो. रजिस्टरात गोकर्ण लिहिलंय ना, असं मनाशी म्हटलं. पाय न वाजवता कडी घातली. मोहोर मात्र सुबक उमटली.

१७ मे. शशांकच्या आईचा, नागरत्नाबाईंचा, ऑफिसात फोन. तो हॉस्टेलातच राहून राहिलेले दोन पेपर काढणार होता. मुलांना कळू नये म्हणून रजिस्टरात गोकर्ण लिहिलं. अंगात ताप होता, आता फोन उचलत नाही. हे बघ बाबा, जरा वर जाऊन बघतोस का, म्हणाल्या. मी म्हणालो, सगळे गेले, खोल्या रिकाम्या आहेत.

मी फोन ठेवला. त्यांनी त्याला पुन्हा लावला असावा. वरच्या मजल्यावर रिंग वाजली. पूर्ण वाजली.

१८ मे. आता रिंग नाही. ठोठावणं आहे. भर दुपारी, तीनदा, थांबून थांबून. जिवंत आहे म्हणून आनंद व्हायला हवा होता. मी विचार करत बसलो की काय सांगू. चुकून? मोहोर चुकून लागत नाही.

२० मे. उघडलं. पाच दिवसांनी. तो टेबलापाशी, पाठ माझ्याकडे. वास — त्याबद्दल लिहीत नाही. कॉटवरही तोच. पांघरूण घेतलेला. माश्या.

टेबलावरचा न वळता म्हणाला, “बारो, ये रे धनुष! इंजिनियर आलास की. बस, हे गणित सांग.”

मला येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी खुर्ची ओढली.

२१ बहुधा. दार उघडंच. तो मला धरून ठेवत नाही. मी उत्तरं लिहितो — चुकीची, सुवाच्य. तो मान डोलावतो. “हौदा? खरंच? बेंगळुरूला असं शिकवतात काय रे?” हसतो.

मी कुलूप लावलं, हे सांगायचं. मी नापास, हे सांगायचं. तोंड उघडतो आणि —

खाली जीप. नागरत्नाबाई जिना चढताहेत, एकट्या. तो म्हणतो, आई आली रे. तिला सांग तू कोण. मग जा.

दारात आहेत. नाकाला पदर. कॉट दारामागे, त्यांना अजून दिसत नाही. तू कोण रे बाळ, विचारताहेत. माझा शशांक कुठाय.

वहीतून मान वर करवत नाही. एक वाक्य. एकच —

मी म्हणालो, काकू, मी त्याचा मित्र, बेंगळुरूला इंजि