भर उन्हातली सायकल आणि माझे पुण्याचे कान

तीर्थरूप मामंजी,

उद्यापासून मी अकोल्याला, जुन्या शहरातल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला जाणार. इथल्या आमच्या नव्या बिऱ्हाडातून मोर्णा नदीचा पूल ओलांडून, सायकलनेच! तुम्ही जाऊन दोन महिने झाले, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली. शिवाय एक माफी मागायची आहे. तुमच्यासमोर मागायला जीभ रेटली नाही.

लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा माझं बी.ए. अर्धं राहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, पुरे आता. तुम्ही घरोघरी पूजा सांगणारे भटजी, पण तुम्हीच माझं नाव कॉलेजात घातलंत, सायकल आणलीत!

उन्हाळ्यात सकाळचं कॉलेज साडेबाराला सुटे. बाप रे, ते ऊन! सीटवर ओला रुमाल टाकल्याशिवाय बसता येत नसे, रस्त्याचं डांबर टायरला चिकटे. लू लागू नये म्हणून तुम्ही माझ्या पिशवीत कांदा टाकायचात. मी तो कोपऱ्यावरच्या गायीला घालायचे. कळलं होतं का हो तुम्हाला?

पहिल्याच चैत्रात अशी भाजून घरी आले, तर तुम्ही ओसरीवरून गरजलात, "आली काय वं? काहून आली एवढ्या उन्हात? मराचं हाय काय?"

माझे पुण्याचे कान! आमच्याकडे एवढं ऐकल्यावर माणूस पुन्हा त्या दारात पाऊल ठेवत नाही. मला वाटलं, सुनेचं शिक्षण तुम्हाला जड झालं. दुसऱ्या दिवसापासून मी ऊन उतरेपर्यंत कॉलेजातल्या कडुनिंबाखाली उपाशी बसू लागले. घरी सांगितलं, जादा तास आहेत. वडिलांना पत्रही लिहिलं, की परीक्षेला बसत नाही, मला न्यायला या. फक्त टपालात टाकायचं राहिलं होतं.

आठवड्याने भर दुपारी तुम्हीच आलात. पायी. डोक्याला दुपट्टा, हातात पन्ह्याचा तांब्या, चेहरा लालबुंद.

"काय करून राहिली वं इथं? मी रोज जेवाचा थांबतो तुयासाठी!"

"तुम्हीच म्हणालात ना, का आलीस म्हणून!" मी रडतच बोलले.

तुम्ही आधी हसलात. मग माझा चेहरा पाहून ओशाळलात. "अवं पोरी, जीव जळला म्हणून म्हटलं. आमी असंच बोलतो."

पत्र फाडलं. परीक्षा दिली, पास झाले. सगळं गोड झालं, असंच घरात सगळ्यांना वाटतं.

पण त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोलताना बदललात! "या सूनबाई. दमलात का? पाणी घ्या." शब्द शोधून शोधून. बाकीच्यांवर तुमचं "मले काय सांगतं बे" चालूच, आणि मी आले की पाहुणी आल्यासारखे सावरून बसायचात. सुरुवातीला मला गंमत वाटायची. मैत्रिणींना नक्कल करून दाखवायचे. चुकले, मामंजी. पुढे पुढे ते शुद्ध बोलणं सलू लागलं. कितीदा ओठांवर आलं, माझ्यावरही ओरडा ना! का नाही म्हणाले? सहा वर्षं होती की हाताशी! आणि तुम्ही तरी एका पोरीचं रडणं इतकं मनावर का घेतलंत?

शेवटच्या दुपारी सासूबाईंना तुम्ही सहज म्हणालात, "काहून रडून राहिली वं?" मग माझ्याकडे वळलात. थांबलात, श्वास गोळा केलात. "आपण जेवून घ्या, सूनबाई." शेवटचा तो श्वाससुद्धा तुम्ही माझ्यासाठी शुद्ध बोलण्यात घालवलात!

उद्या वर्गात एखादी मुलगी उभी राहून म्हणेल, "बाई, मले नाही समजलं." मी तिला समजावून सांगेन, पण तिचं "मले" दुरुस्त करणार नाही. वचन देते. एका माणसाची बोली माझ्यापायी बंद झाली, तेवढी पुरे.

तुमची सून,
सुमती