हार घातलेला फोटो

निवृत्तीराव,

नवऱ्याचं नाव घेऊन लिहितेय, चालवून घ्या.

बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही मुंबईला निघून गेलात. मी आपल्या कोरड्या विहिरीत भुताचे पिक्चर काढायला लागले. नऊ काढले, तंबूत लई चालले. आता लातूर जिल्हा झाला, तर त्यातला पहिला स्टुडिओ माझाच हाय.

दर पिक्चरला भिंतीवर मेलेल्या माणसाचा फोटो लागतो. हार घालायला जित्त्या माणसाचा फोटो कोण देईल? म्हणून तुमचाच टांगला.

येतो म्हणून लिहिलंत, खुशाल या. बाजारात लोक तुम्हाला बघून पळतील, मनावर घेऊ नका.

शॉट संपला की तुमच्या फोटोचा हार मात्र दरवेळी मीच घाईनं काढला. हे तुम्हाला कळायला नको, म्हणून पत्र टपालात न टाकता माझ्या कपड्यांच्या पेटीतच ठेवते.

सरजा,
स्टुडिओची मालकीण