टाकीवरची गोधडी

८ जून, रविवार

घेतली! व्हॅन घेतली!

पांढरी, जपानी. आधी एका फुलवालीची होती. मागचं दार उघडलं की अजून लिलीचा वास येतो. पामर्स्टन नॉर्थमध्ये खिडक्या पुसणारी मी बहुधा एकटीच नागपूरकर, आणि आता नक्कीच एकटी सुवासिक.

सेल्समन सगळं रविंद्रकडे बघून सांगत होता. रविंद्र मातीचा शास्त्रज्ञ. गाडीतलं त्याला फक्त मडगार्डवरचं कळतं. तो आपला मान डोलवतोय! शेवटी म्हणाला, "गाडी हिची आहे. हिला सांगा, नवऱ्याला नको." मग सेल्समन माझ्याकडे वळला. "रंग आवडला?"

मी म्हटलं, हो, छान आहे.

पाण्याची टाकी, पंप, वजन किती झेपेल — विचारायच्या गोष्टी सगळ्या घरी आल्यावर आठवल्या.

११ जून

टाकी घेतली सहाशे लिटरची. का? तर मोठी बरी. लग्नात पातेली घेतात तशी घेतली.

भरली आणि व्हॅन मागून बसली. म्हणजे अक्षरशः बसली — पुढचं तोंड वर, आकाशाकडे. मेकॅनिक खाली वाकून बघून म्हणाला, "एक लिटर म्हणजे एक किलो, मेट." फिजिक्समध्ये मला डिस्टिंक्शन होतं. हे त्याला सांगितलं नाही.

टाकी परत केली. लहान आणली. दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकार.

१४ जून

व्हॅनवर नाव टाकून घेतलं. 'गौतमीज ग्लास'. खाली ओळ माझी स्वतःची, इंग्रजीत: आम्ही येतो, तुम्ही घरी नसताना.

मला म्हणायचं होतं की ग्राहकाला थांबून राहावं लागत नाही.

आरुषी बराच वेळ बघत राहिली. "मम, दॅट्स व्हॉट बर्गलर्स डू."

मग म्हणाली, शाळेपाशी नको, कोपऱ्यावर थांब. पंधरा वर्षांच्या मुलीला आईची लाज वाटतेच. पण मी तिला अक्षरं रंगवून कारण दिलं!

१८ जून

इथे जून म्हणजे हिवाळा. पहिलं दव गोठलं. गवत पांढरं, बोटंही पांढरी. तिसऱ्या खिडकीला बोटं माझी आहेत की पाणी ओढायच्या स्क्वीजीच्या रबराची, कळेना. लोकरीचे हातमोजे घातले होते. लोकर आणि पाणी! जावयासारखी फुगून बसली.

मॉरीन बघत होती. ही माझी सगळ्यात जुनी ग्राहक, एकटीच राहते. खिडकी वाजवून ओरडली, "यू वॉन्ट डेअरी ग्लव्ह्ज, लव्ह!"

गेले कोपऱ्यावरच्या डेअरीत. हरीशभाईंना म्हटलं, हातमोजे द्या. त्यांनी भांडी घासायचे गुलाबी दिले. वर एक पाय, म्हणजे इथली खिमा भरलेली कचोरी, घेतला, गरम होता म्हणून. दुपारभर गुलाबी हातांनी खिडक्या पुसल्या. बोटं तशीच गारठली.

संध्याकाळी आरुषीला सांगितलं, तर ती जमिनीवर लोळून हसली. डेअरी म्हणजे गाईंची डेअरी! गोठ्यातले! दहा वर्षं झाली या देशात, आणि मला डेअरी म्हटलं की फक्त दूध-ब्रेडचं दुकान आठवतं.

२१ जून, शनिवार

शेतकऱ्यांच्या दुकानात गेले. काय दुकान आहे! दूध काढणाऱ्यांचे हातमोजे, कोपरापर्यंतच्या बाह्या, पाणी न शिरणारी पँट, आतून उबदार गमबूट. सगळं घेतलं. आरशात बघितलं — निळा पेंग्विन.

काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "गाई किती?"

म्हटलं, गाई नाहीत, खिडक्या.

"किती?"

असं गंभीरपणे माझ्या धंद्याबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं.

२२ जून

पेंग्विनला घाम येतो. पण बोटं शाबूत!

२७ जून

पंप गोठला. सकाळी बटण दाबलं, घुर्र केलं आणि गप्प. पाण्याचा होज-पाइप तर काठीसारखा ताठ.

इंटरनेटवर विचारलं. एक म्हणतो व्हॅनमध्ये हीटर बसव. दुसरा म्हणतो त्याने आग लागते. तिसरा म्हणतो, हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाला जा.

आईने शिवून दिलेली गोधडी काढली. टाकी आणि पंप दोन्हीभोवती गुंडाळली, कडा नीट खोचल्या. आरुषी दारात उभी. "डिड यू टक इट इन?"

रविंद्र म्हणाला, "अंगाईपण म्हण." त्याच्या लेखी हे सगळं माझं साबणाचं खूळ.

२८ जून

पंप चालला! आई, जिंकलीस.

४ जुलै

मोठी बातमी. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांची ओळ सांभाळते ती डेब्रा — तिचा फोन. दर बुधवारी सगळ्या दर्शनी काचा. सोमवारी एकदा पुसून दाखवायच्या. पसंत पडल्या तर वर्षभराचं काम!

असं काम मिळालं तर हा धंदा. नाहीतर आहेच साबणाचं खूळ.

रविंद्रला सांगितलं. वाटलं, काहीतरी टोमणा मारेल. तर म्हणाला, "मिळेल ना पण?" जेवताना पुन्हा तेच. "गौतमी, मिळेल ना?"

मला कसं माहीत! तोच जास्त घाबरलेला.

५ जुलै

रविंद्र सकाळपासून व्हॅनमध्ये. पंपाला फोम लावला, होजची गळकी जोडणी बदलली. या माणसाने घरात कधी बल्ब बदलला नाही.

७ जुलै, सोमवार

लिहू की नको? लिहिते. कुणी वाचणार नाही.

पहाटे कडक गारठा. टाकी ठीक, पंप ठीक, होज ठीक. सगळं जागेवर, मी पेंग्विनच्या वेशात तयार. फक्त व्हॅनच्या पुढच्या काचेवर बर्फाचा थर. उशीर नको म्हणून केटल आणली आणि उकळतं पाणी ओतलं.

टक्क!

वरपासून खालपर्यंत तडा. मी. काचवाली. लोकांना सांगत फिरते — गारठलेल्या काचेवर गरम पाणी कधी टाकू नका हं!

पायरीवर बसले आणि रडायला लागले. रविंद्र बाहेर आला. काचेकडे बघितलं, केटलकडे बघितलं. बादल्या उचलून त्याच्या गाडीत ठेवल्या. "चल."

"तुझी मीटिंग आहे ना सकाळी?"

"हलवली."

स्क्वीजीचा लांब पोल खिडकीतून बाहेर काढून मी धरून बसले. सिग्नलला लोक बघत होते. दुकानांच्या काचा हातानेच पुसायच्या असतात — साबण, स्क्वीजी, कडा कोरड्या. हा माणूस शर्टाच्या बाह्या वर करून गरम पाणी आणून देतोय, बेकरीवाल्याकडून मागून! मी म्हटलं, अरे जा, उशीर होईल. "आता फ्लेक्सी टायमिंग आहे आमच्याकडे," म्हणाला.

डेब्राने तिरकं उभं राहून एकेक काच बघितली. "स्वीट ॲज," म्हणाली, म्हणजे झकास. "यू टू आर अ गुड टीम."

मी म्हटलं, "नो नो, ही इज ओन्ली द ड्रायव्हर. त्याला खरी नोकरी आहे."

सगळे हसले. रविंद्रही.

मिळालं! काम मिळालं!

१० जुलै

नवी काच बसवणारा म्हणाला, "धंदा काय करता?"

म्हटलं, बेकरी.

मग त्याने व्हॅनवरचं नाव वाचलं.

१६ जुलै, बुधवार

सगळ्या काचा एकटीने. हात पाय मोडले. रात्रीच्या जेवणाला मीच हरीशभाईंच्या डेअरीतून पाय आणले. आता ते मला पायवाली मावशी म्हणतात.

रविंद्र गप्प गप्प. विचारलं तर म्हणे, रिपोर्टचं काम आहे. शास्त्रज्ञ माणसं. मातीवर लिहायला इतकं काय असतं?

२३ जुलै, बुधवार

ओळीतलं शेवटचं दुकान म्हणजे मजूर पुरवणाऱ्यांचं ऑफिस. गोदामं, बांधकामं, कुठे माणूस हवा असला की हे पाठवतात. काचेला साबण लावला, पहिला पट्टा ओढला. आत खुर्च्यांवर चार-पाच पोरं, सेफ्टी जॅकेटं घातलेली. त्यांच्या मधोमध रविंद्र. इस्त्रीचा शर्ट. वाकून लोखंडी टोकाचा बूट पायात बसतो का बघत होता.

त्याने मान वर करायच्या आत मी पुन्हा साबण लावला. पूर्ण काचभर. पुन्हा एकदा.

दार वाजलं. तो बाहेर येऊन माझ्याशेजारी उभा राहिला.

"एक जुलैपासून नोकरी नाही," म्हणाला. "सगळा विभागच बंद केला."

मी स्क्वीजी बादलीत टाकली.

"गाडीत बस," म्हटलं. "गारठशील."