धुऱ्याजवळचा पंजा

नांदगाव खंडेश्वर
१८ मे २०२५

चि. करिश्मास,
आईचे पोटभर आशीर्वाद. वरच्या डब्यात कुरड्या आहेत, खालच्यात मुगवड्या. होस्टेलच्या मैत्रिणींना दे, पण हे पत्र आधी काढून घे. फोनवर बोलायचं तर तुझे बाबा कान टवकारून बसलेले असतात.

गावात सध्या तुझंच नाव आहे. शेततळ्यासाठी जेसीबीनं आपल्या आणि शेजारच्या शेतामधल्या धुऱ्याजवळ खोदलं आणि हाडांचा पंजा वर आला, बोटांसकट. याच धुऱ्यावरून काही वर्षांपूर्वी बाबा आणि शेजारचे देवमनभाऊ हातघाईवर आले होते, आणि त्याच आठवड्यात देवमनभाऊ गावातून गेले ते आलेच नाहीत. मग काय, पोलीस बाबांना घेऊन गेले. देवमनभाऊंच्या आईनं, पार्वताबाईनं, टाहो फोडला. मी मात्र निर्धास्त होते. कोंबडी कापताना तोंड फिरवणारा माणूस तो.

तुला फोटो पाठवला आणि तुझं उत्तर ठाणेदारांना वाचून दाखवलं. माणसाच्या पंजात अंगठ्याचं हाड जाड असतं, इथे करंगळीकडचं जाड आहे, म्हणजे हा अस्वलाचा पंजा. नखांची टोकं तेवढी काढलेली. ठाणेदार हसले. "बाई, नांदगावात अस्वल कुठून आलं?" अमरावतीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं तेव्हा कुठे बाबांना सोडलं.

पुढे खोदलं तर कवटी निघाली, आणि तिच्याजवळ लोखंडी कडी. पार्वताबाई रडता रडता थांबली.

"अवं, हे तं दरवेशाचं अस्वल! शकुन, तुह्या सासऱ्यानंच इथं पुरू देल्लं होतं. दरवेशी नखं काढून खेळवत होता त्याले, पण मेलं तं लेकरावानी रडला." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "म्हंजे माहा देवमन हाये कुठीतरी." घरी नेऊन तिनं मला गुळाचा खडा दिला.

तू हाडांचा अभ्यास घेतलास म्हणून वर्षभर तुझ्याशी न बोललेले बाबा आता चहाच्या टपरीवर स्वतःचा पंजा पसरून लोकांना अंगठ्याचं हाड शिकवतात. काल मला म्हणाले, "तिले इचार, अस्वल नर होतं का मादी."

"तुमीच इचारा, मी काहून इचारू?"

तेव्हापासून फोन हातात आहे, आणि म्हणे रेंज नाही. आला की उचल. पहिल्या वाक्याला ते नुसते खाकरतील, हसू नकोस.

आणि एक. फोटोखाली मी लिहिलं होतं ना, 'माणसाचं असेल तर आधी मला एकटीला सांग', ते पुसून टाक. तू त्याबद्दल काही विचारलं नाहीस, मला बरं वाटलं. बाबांना कधी कळू देऊ नकोस. ठाण्यात डबा घेऊन गेले तेव्हा ते जेवत होते आणि मला त्यांच्या हातांकडे बघवत नव्हतं. वर निर्धास्त होते म्हणून लिहिलं, ते खोटं आहे पोरी.

तुझी, आता खरोखर निर्धास्त,
आई