गंबोची दुसरी वाटी

पापाकुरा, मंगळवार

प्रिय स्नेहल,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी तिसऱ्या वाक्याला पोचायच्या आत तुझी मीटिंग सुरू होते. कागदाला मीटिंग नसते. आठ महिन्यांत तू मला एकदाही रविवारी जेवायला बोलावलं नाहीस. पापाकुरा ते तुझं मनुरेवा ट्रेनने दहा मिनिटं, आणि मी मात्र थेट अमेरिकेत लुइझियानाला जाऊन आले!

तुझ्या भावाने, मकरंदने सांगितलंच असेल, आमच्या ज्येष्ठ मंडळाची केजन संस्कृती बघायची सहल होती. केजन म्हणजे इंग्रजांनी कॅनडातून हाकललेले फ्रेंच. अडीचशे वर्षांपूर्वी ते अमेरिकेतल्या दलदलीत येऊन राहिले आणि मिळेल ते शिजवून, अकॉर्डियन वाजवून मजेत जगले. त्यांना बघायला आम्ही चौदा जण निघालो ते राइस कुकर, मेतकूट, थेपले आणि तीन किलो भडंग घेऊन. म्होरके अर्थात प्रमोदभाऊ. त्यांचं तत्त्व असं की जग बघावं, खाऊ नये. होडीतून फिरताना वाटाड्या मगरींना मार्शमेलो टाकत होता, तर यांनी मेथीचा लाडू टाकला. मगरीने तो झेलला, बुडी मारली आणि पुन्हा काही वर आली नाही. वाटाड्या बिचारा बराच वेळ वाकून बघत होता.

चौथ्या दिवशी ओडिल नावाच्या आजीबाईंकडे जेवण होतं. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज असा की गल्लीने ऐकावं. त्यांचं गंबो म्हणजे भाताबरोबरचं दाट कालवण, एरवी त्यात कोळंबी नि सॉसेज. आमच्यासाठी त्यांनी नुसत्या भेंडीचं नि पालेभाज्यांचं केलं होतं. तेलात पीठ तासभर ढवळलं होतं, आणि तूप चालतं का, अंडं चालतं का, हे विचारायला दोनदा फोन केले होते. आम्ही काय केलं? त्यांच्याच व्हरांड्यात, त्यांच्याच प्लगला कुकर लावला. सवयच ती! थेपले फिरले, लोणचं फिरलं. ओडिलबाई डाव हातात धरून उभ्या राहिल्या आणि हसल्या.

ते हसू मी आधी पाहिलं होतं गं. तुझ्या स्वयंपाकघरात. तुझ्या विरेमूने माझ्यासाठी रताळ्याची भाजी केली होती, वेगळी कढई आणून. फोडणी शिकताना हातावर मोहरी उडाली होती, तो चट्टाही त्याने कौतुकाने दाखवला होता. आणि मी पथ्य आहे म्हणून पिशवीतून डबा काढला. कसलं पथ्य, कसलं काय! तुझा नवरा मासे खातो, त्याची भांडी कशी असतील, एवढंच डोक्यात होतं. तो हसला आणि ती सगळी भाजी एकट्याने संपवली. तू ओट्याकडे तोंड करून उभी होतीस. मी ते न पाहिल्यासारखं केलं.

मग मी उठले आणि ओडिलबाईंपुढे वाटी धरली. प्रमोदभाऊ कुजबुजले, वहिनी, पातेल्यात आधी काय शिजलं असेल कोणास ठाऊक. मी मोठ्याने सांगितलं की हाच विचार करून मी लेकीचं दार बंद करून घेतलंय, आता इथे तरी जेवू द्या. ओडिलबाईंनी वाटी काठोकाठ भरली. गंबो तिखट होतं, बुळबुळीत होतं, आणि खरं सांगते, मीठ जरा कमीच होतं. मी दुसरी वाटी मागून घेतली. बाईंनी मला मिठीच मारली, डावासकट. साडीवरचा डाग अजून गेलेला नाही.

परत आल्यापासून मी दोनदा मनुरेवाला उतरून तुझ्या फाटकापर्यंत आले आणि तशीच मागे फिरले. लाज वाटली. विरेमूची माफी मागायला चार इंग्रजी वाक्यं पाठ केली आहेत, पण त्याच्यासमोर त्यातलं एकही तोंडातून निघणार नाही, मला ठाऊक आहे. म्हणून या रविवारी मला बोलाव. त्याला म्हणावं, पुन्हा रताळ्याचीच भाजी कर. मी काही बोलले नाही तरी चालेल, फक्त मला त्याच्या शेजारी बसवून पोटभर वाढा.

तुझीच, उशिरा शहाणी झालेली,
आई