बाळाच्या कानाने दिलेलं उत्तर

ताई,

मी फोन उचलत नाही म्हणून तू आईला म्हणालीस, "पुढारीणबाईंना आता बहीण कशाला लागते!" खरं कारण वेगळंच होतं. मला तिसरा महिना असताना तू लेकीला घेऊन आलीस. तिच्या अंगावर पुरळ होतं. "उष्णतेचं असेल गं," म्हणालीस. मी तिला मांडीवर घेतलं. पंधरवड्याने मलाही पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, रुबेला. त्याच दिवसांत बाळाच्या आतल्या कानाचा शंख आकार घेत असतो, आणि हा आजार तिथेच घाव घालू शकतो.

सभा दणाणून सोडणारी मी घरात मुकी झाले. तुझा इतका राग आला होता की फोन उचलला असता, तर नातंच तोडून बसले असते.

आज बाळाचे कान तपासले. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "चांगला कान आवाज ऐकून स्वतःही बारीक आवाज काढतो. तोच यंत्र टिपतं. तुम्ही जरा गप्प बसा." जन्मात अशी गप्प बसले नसेन! दोन्ही कानांनी उत्तर दिलं, ताई! पुढे पुन्हा तपासायचंय. तपासू की!

चूक तुझी नव्हती. प्रत्येक मुलीला रुबेलाची लस मिळालीच पाहिजे, हे मी चौकाचौकात गर्जून सांगेन. पण हे पत्र टाकणार नाही. वाचून तू जन्मभर स्वतःला खात बसशील. आता फोन लावते. इतके महिने कुठे होतीस, विचारशील. सांगेन, सभा होत्या. मग घाल हव्या तेवढ्या शिव्या.

तुझी भांडकुदळ धाकटी