पोस्टरातली मोकळी जागा

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, त्यामुळे माझ्या मुलीला, तुमच्या नातीला, तुम्ही पाहिलेलं नाही. ती तुमच्यासारखीच डावरी आहे. गेल्या महिन्यात तिनं एक पोस्टर केलं आणि त्या पोस्टरनं माझी झोप उडवली, ती अजून परत आलेली नाही. ही भीती कुणाला सांगायची? तिच्या पप्पांना सांगितलं तर ते म्हणतात, "उगं काहून घाबरून राहिलीस?" मी शिकवते त्या शाळेत सांगितलं तर चार बाया चार उपाय सांगतील. पोस्टर बघून माणूस घाबरतो म्हणजे काय, हे अख्ख्या नांदेडात एकाच माणसाला कळलं असतं, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

टॉकीजमागचं तुमचं बॅनर रंगवायचं पत्र्याचं शेड आता नाही, टॉकीजही नाही. पण जवसाच्या तेलाचा वास कुठं आला की मी आजही तिथं जाऊन उभी राहते. मांजरपाट ताणून ठोकलेलं, त्यावर सरस आणि खडूचा लेप, कोळशानं पाडलेल्या चौकटी. तुमच्या हातात वीतभर फोटो आणि समोर दोन मजली कापड. सिनेमाची रिळं अजून गावात आलेलीसुद्धा नसायची. सिनेमा न बघता तुम्ही सिनेमा सांगायचात. मी शाळेतून येते, दप्तर तेलाच्या डब्यावर ठेवते, आणि ब्रश न थांबवता तुम्ही विचारता, "सांग माय, कशाचा हाय?" मी सांगते. चेहऱ्यावर खालून मारलेला निळा उजेड आणि ठिबकणारी अक्षरं म्हणजे भुताचा. अर्धा चेहरा लाल, अर्धा हिरवा, अक्षरं दगडातून फोडून काढलेली, म्हणजे मारामारीचा. मधोमध डोळे भरलेली आई आणि तिच्या पदराखाली बारकी बारकी माणसं म्हणजे घरगुती, बायकांचा. पिवळी जमीन, मोठाली डोकी, काडीएवढी अंगं म्हणजे हसायचा. चुकले तर तुम्ही रागावत नव्हता, नुसतं "पुन्हा बघ" म्हणायचात. आणि एक वाक्य तर मला पाठच झालं होतं. "पोस्टर म्हंजे दवंडी हाय. लावली की लोकं येतात. म्हणून दवंडीवाल्यानं खोटं बोलायचं न्हाई."

एकदाच खोटं बोललात, तेही टॉकीजच्या मालकाच्या सांगण्यावरून. दोन बहिणी घर वाटून घेतात, असा तो सिनेमा होता, धिम्या चालीचा. मालक म्हणाले, याला कुत्रं येणार नाही, थोरलीच्या हातात पिस्तूल द्या. तुम्ही दिलंत. पहिल्याच दिवशी हदगावकडचा एक माणूस मध्यंतरात थेट शेडमध्ये आला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "मिस्तरी, पिस्तूल कवा येनार हाय? निस्ती भांडीच मोजून राहिल्या की त्या!" आत खुर्च्या फाडायचे आवाज येत होते. त्याला तुम्ही स्टुलावर बसवलंत, चहा पाजलात, शिडी लावलीत आणि सिनेमा चालू असतानाच त्या पिस्तुलाचा चाव्यांचा जुडगा करून टाकलात. मी खाली रंगाची वाटी धरून हसत होते. तुम्ही हसत नव्हता. वरून म्हणालात, "हसू नको. त्या मान्सानं माझ्यावर इश्वास ठिवला."

हे सगळं मी मुलीला सांगत आले. तिला अंगाईपेक्षा तुमच्या शेडच्या गोष्टी जास्त ऐकवल्या असतील. चित्रकला हातात होतीच, पण मार्क चांगले पडले म्हणून आम्ही तिला डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातूरला क्लासला घातलं. पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं, म्हणून हे दुसरं वर्ष. तिथून ती मला फोनवर लोकांच्या शॉर्ट फिल्मची पोस्टरं पाठवायची आणि खाली तुमचाच प्रश्न लिहायची, "सांग, कशाचा हाय?" मी दर वेळी हरायची. कुठं नुसती एक खुर्ची, कुठं भिंतीवरचा खिळा, अर्ध्याहून जास्त जागा कोरी, आणि नाव कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात. मी म्हणायची, अगं, रडायचा का हसायचा हे बघणाऱ्याला कळणार कसं? ती म्हणायची, "आई, मोठ्या पिच्चरचं पोस्टर चौकात उभं राहून ओरडतं. त्याला गर्दी पाहिजे. शॉर्ट फिल्मचं पोस्टर गप बसतं. ज्याला बघायचं तो जवळ येतो." मला ते पटायचं नाही, पण तिच्या बोलण्याचं कौतुक वाटायचं.

मग तिचं स्वतःचं पोस्टर आलं, घरच्या ग्रुपवर. राखाडी कोरी जागा. खाली, अगदी तळाला, एक बंद दार आणि दाराबाहेर चपलांचा एक जोड. कोपऱ्यात सिनेमाचं नाव, 'जेवले'. खाली नेहमीचा प्रश्न, "सांगा, कशाचा हाय?" तिच्या काकानं टाळ्या पाठवल्या, आत्यानं गुलाबाचं फूल, मावशीनं "आमची डिरेक्टर!" मी शाळेत पोषण आहाराच्या रांगेपाशी उभी होते. मी अंगठा पाठवला आणि लिहिलं, "छान."

संध्याकाळी नेहमीसारखा फोन केला. "जेवलीस का?" "हाव, जेवले." फोन ठेवला आणि माझा हात तिथंच राहिला. अण्णा, हा शब्द मी रोज ऐकत होते. रोज एकाच सुरात, एकाच वेगानं, आणि तो ऐकला की माझं त्या दिवसापुरतं आईपण संपायचं, मी भांड्यांकडे वळायची. तोच शब्द तिनं बंद दारावर लिहिला होता. मी पोस्टर उघडलं आणि दोन बोटांनी मोठं करून बघितलं, तुम्ही "पुन्हा बघ" म्हणायचात तसं. चपला मी ओळखल्या. निळ्या पट्ट्यांच्या, नांदेडातच घेतलेल्या. त्यांच्यावर धूळ बसलेली होती. रोज क्लासला जाणाऱ्या पोरीच्या चपलेवर तळव्याची जागा स्वच्छ असते, अण्णा. ही धूळ सारखी पसरलेली होती.

आणि वरची ती कोरी जागा. ती बघताना मला तुमचा शेवटचा बॅनर आठवला. हसायचा सिनेमा होता. पिवळी जमीन, मोठाली डोकी, पण सगळी डोकी खाली, एकमेकांना चिकटून, आणि वरचा अर्धा बॅनर नुसता पिवळा. मी कॉलेजातून येताना चौकात थांबले, शेडमध्ये येऊन म्हणाले, "अण्णा, छान झालंय. मोकळं मोकळं वाटतं." तुम्ही विचारलंत, "हसू आलं का?" मी म्हणाले, "हाव." त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीचा बॅनर तुम्ही दुसऱ्याला द्यायला लावला होता, जो तुम्ही एरवी चौकटी न पाडता एका बैठकीत काढायचात, आणि तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. महिना पुरा व्हायच्या आत तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, छाती केव्हाचीच निकामी झाली होती. तेव्हा मला कळलं की वरची जागा मोकळी सोडलेली नव्हती. तुम्हाला शिडी चढता येत नव्हती, वरचा पिवळा तेवढा टॉकीजच्या पोरानं मारून दिला होता. बसून जेवढा हात पोचला तेवढंच तुम्ही काढलं होतं.

म्हणून मी घाबरले. लातूरला शिकायला गेलेल्या पोरांच्या ज्या बातम्या येतात, त्या मी पान उलटून टाळत होते. आता त्या सगळ्या एकदम समोर आल्या. पोरगी जिवाचं काही करून घेईल, हे वाक्य मी मनात पुरं होऊ देत नव्हते आणि ते पुरं होतच होतं. तिचे पप्पा म्हणाले, "अगं, पोरीनं चित्र काढलं. तुला त्याच्यात काय काय दिसून राहिलं! परीक्षा तोंडावर हाय, तिला डिस्टर्ब करू नको." मी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि प्रत्येक थांब्यावर मला वाटत होतं की ड्रायव्हर मुद्दाम उशीर करतो आहे. पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. एवढ्या भीतीतही मी भाकरी थापल्या होत्या, याचं माझं मलाच नवल वाटत होतं.

लातूरला शिरताच क्लासांची होर्डिंगं सुरू होतात. तुम्ही बघायला हवी होती. पिवळं, लाल, आणि हसणाऱ्या पोरापोरींचे चेहरे ओळीनं, प्रत्येकाच्या खाली नंबर. सगळ्या रस्त्याला एकाच सिनेमाची पोस्टरं, आणि त्यात सगळे जिंकतात. तुम्ही म्हणाला असता, एवढ्या चेहऱ्यात एकाला तरी घाम दाखवा रे. मी रिक्षात बसून ते चेहरे बघत होते आणि तिचा फोन लावत होते. ती उचलत नव्हती.

हॉस्टेलच्या मावशी दारातच डाळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "लई गुणाची पोरगी हाय तुमची. कुणात न्हाई, कशात न्हाई. दार लावून अभ्यास करून राहिली. डबा बी दाराशीच ठिवायला सांगती." त्यांनी ते कौतुकानं सांगितलं. मी जिना चढून वर गेले, आणि व्हरांड्याच्या टोकाला ते पोस्टर होतं. तेच दार, त्याचा तोच फिकट रंग, त्याच चपला, तीच धूळ. फक्त चपलांशेजारी डबा होता, न उघडलेला. मी दारावर हात मारत राहिले. आतून काही नाही. पुन्हा मारला. त्या वेळी मी कुणाकुणाचा धावा केला हे सांगत नाही, आपल्या घरात तशी सवय नाही. मग कडी वाजली.

ती उभी होती. केस विंचरलेले नव्हते, गालाची हाडं वर आलेली. मला बघून ती दचकली नाही, रडलीही नाही. मी आत गेले, खिडकी उघडली, आणि म्हणाले, "सिनेमा दाखव."

"कोणता?"

"तुझा. 'जेवले'."

ती पलंगाच्या काठावर बसली. "सिनेमा न्हाई, आई. पोस्टरच हाय."

"म्हणजे?"

"केलाच न्हाई सिनेमा. कोणाला घेऊन करू? मला तर खोलीच्या बाहेर बी जावं वाटत न्हाई." ती नखानं चादरीचा धागा ओढू लागली. "तूच सांगायचीस ना, आजोबा म्हणायचे, लावलं की लोकं येतात. मी बघत होते, कोण येतं. सगळ्यांनी छान म्हटलं. सिनेमा कवा दाखवतीस, असं बी कोणी विचारलं न्हाई."

मी तिला जवळ घेतलं तेव्हा ती रडली, आणि मग जे सांगायचं ते सगळं तिनं सांगितलं. ते तुम्हाला लिहीत नाही, ते तिचं आहे. एवढंच सांगते की माझी भीती खोटी नव्हती. आम्ही जमिनीवर बसून भाकरी खाल्ली. तिनं अर्धी खाल्ली, चटणी दोनदा मागून घेतली. सामान बांधून त्याच दिवशी आम्ही नांदेडला आलो. हॉस्टेलच्या मावशींना वाटलं, घरात कुणी वारलं. तिच्या पप्पांनी दार उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि परीक्षेचं एक अक्षर काढलं नाही. त्यासाठी मी त्यांचे बाकीचे सगळे गुन्हे माफ केले आहेत. आता एका डॉक्टरीणबाईंकडे तिला नेतो, गोळ्या चालू आहेत, बोलणं चालू आहे. परीक्षेचं पुढचं पुढं बघू.

तुमच्या वेळी सोपं होतं, असं मी म्हणणार होते. भूत म्हणजे निळं, हसू म्हणजे पिवळं. पण खरं तर तेव्हाही सोपं नव्हतं. आज सकाळी ती स्वयंपाकघरात पप्पांशी कशावरून तरी बोलताना मोठ्यानं हसली, खूप दिवसांनी, आणि मी आंघोळ अर्धवट टाकून ओल्या केसांनी धावत बाहेर आले. तिनं विचारलं, "काय झालं, आई?" मी म्हणाले, "काही न्हाई." हसण्याची मला भीती बसली आहे, अण्णा. ती कधी जाईल ते डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं, पण त्या तिच्या डॉक्टर आहेत, माझ्या नाहीत.

एवढं सगळं मी पोरीबद्दल लिहिलं. पण खरं सांगू का, मी बसले होते ते एवढंच विचारायला. त्या पिवळ्या बॅनरवरून तुम्ही "हसू आलं का" म्हणालात, तेव्हा मी "तुम्ही शिडीवर का न्हाई चढलात" असं विचारावं, म्हणून तुम्ही थांबला होतात का? तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं होतं, एवढं मला आठवतं. याचं उत्तर तुमच्याकडून येणार नाही, आणि तेच बरं आहे. कारण ते 'हाव' असलं तर काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.